किल्ली पायपुसण्याखाली ठेवलीय?

पासवर्ड, एपीआय की, टोकन... कंपन्यांच्या या किल्ल्या सांभाळणारं टूल निवडताना नेमकं काय बघायचं? आणि फायनल इयरला असलेल्या तुमचा त्याच्याशी काय संबंध?

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. सकाळी प्रोजेक्ट सबमिशन. तुमच्या ग्रुपमधले चौघं मालाडला एकाच्या घरी जमलेत, मॅगीची दुसरी फेरी संपलीय आणि अॅप एकदाचं चाललंय. कुणीतरी म्हणतं, ‘‘टाक ना गिटहबवर, झोपू या आता.’’ तुम्ही पुश करता. अख्खा फोल्डर वर जातो. त्यात ‘डॉट ईएनव्ही’ नावाची एक चिमुकली फाइल आहे. तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड आहे आणि क्लाउड अकाउंटची किल्लीसुद्धा. त्या अकाउंटला जोडलेलं कार्ड बाबांचं आहे.

तुम्ही झोपता, पण इंटरनेट झोपत नाही. गिटहबवरच्या पब्लिक कोडमध्ये अशा किल्ल्या शोधत फिरणारे बॉट्स चोवीस तास कामावर असतात. किल्ली सापडली की तुमच्या अकाउंटवर मोठमोठी मशिन्स सुरू करायची आणि त्यावर क्रिप्टोचं मायनिंग करायचं, हा त्यांचा ठरलेला धंदा. कॉइन त्यांना, बिल तुम्हाला.

‘‘मग फाइल डिलीट करायची की!’’ असं तुम्ही म्हणाल. पण गिट जुनं काहीच विसरत नाही. फाइल आज उडवली तरी कालच्या कमिटमध्ये ती जशीच्या तशी असते. मालाडकरांना हे सांगायला नको. डम्पिंग ग्राउंडवर माती टाकून वर काचेच्या इमारती उभ्या केल्या, तरी खाली काय आहे ते जात नाही. किल्ली एकदा बाहेर पडली की उपाय एकच. ती किल्ली रद्द करायची आणि नवी बनवायची.

चूक फक्त तुमची नाही

आपल्यासारखे विद्यार्थीच असा वेंधळेपणा करतात, असं वाटत असेल तर थांबा. गिटगार्डियन ही कंपनी दरवर्षी गिटहबवरचा पब्लिक कोड तपासते. २०२४ या एका वर्षात तिला तिथे दोन कोटी तीस लाखांहून जास्त नव्या किल्ल्या उघड्यावर पडलेल्या सापडल्या.

उबरचं उदाहरण घ्या. २०१६ मध्ये हल्लेखोर उबरच्या इंजिनीअर्सच्या गिटहबवरच्या खासगी कोडपर्यंत पोहोचले. तिथे त्यांना अॅमेझॉनच्या क्लाउडची किल्ली मिळाली आणि त्या किल्लीने ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि ड्रायव्हर्सचा डेटा. कंपनीने एक लाख डॉलर देऊन प्रकरण गुपचूप मिटवलं. २०१७ मध्ये ते बाहेर आलं आणि २०१८ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांबरोबर १४ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड करावी लागली.

टोयोटाचं प्रकरण तर आपल्या सबमिशनच्या रात्रीसारखंच आहे. तिच्या ‘टी-कनेक्ट’ सेवेची वेबसाइट बनवणाऱ्या कंत्राटदाराने डिसेंबर २०१७ मध्ये कोडचा काही भाग चुकून पब्लिक ठेवला. त्यात सर्व्हरची किल्ली होती. हे लक्षात आलं सप्टेंबर २०२२ मध्ये. जवळजवळ पाच वर्षं किल्ली दारातच पडलेली होती आणि २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते धोक्यात होते.

सिक्रेट म्हणजे काय?

एक माणूस म्हणून तुमचे दहा-वीस पासवर्ड असतील. पण सॉफ्टवेअरलाही पासवर्ड लागतात. अॅपला डेटाबेसमध्ये शिरायला पासवर्ड, पेमेंट गेटवेशी बोलायला एपीआय की, दुसऱ्या सर्व्हरवर जायला एसएसएच की, स्वतःची ओळख पटवायला सर्टिफिकेट. या सगळ्यांना मिळून इंडस्ट्रीत ‘सिक्रेट्स’ म्हणतात. मध्यम आकाराच्या कंपनीतही ती शेकड्यांनी असतात. काही कोडमध्ये, काही एक्सेल शीटमध्ये, काही व्हॉट्सअॅप ग्रुपवर आणि काही नोकरी सोडून गेलेल्या सीनियरच्या डोक्यात.

सिक्रेट्स मॅनेजमेंट टूल म्हणजे या सगळ्या किल्ल्यांचं एकच कपाट. चांगलं कपाट चार कामं करतं. एक, किल्ल्या एन्क्रिप्ट करून ठेवतं. दोन, कुठल्या अॅपला कुठली किल्ली द्यायची हे ठरवलेल्या नियमाप्रमाणे बघतं. तीन, कोणी, कधी, कुठली किल्ली नेली याची वही ठेवतं. चार, किल्ल्या वेळोवेळी बदलतं. त्यातली काही टूल्स तर मागणी आली की तासाभरापुरता नवा पासवर्ड तयार करतात आणि तास संपला की तो मोडीत काढतात. चोराच्या हाती लागेपर्यंत त्या किल्लीचं कुलूपच बदललेलं असतं.

इथे व्हायवामध्ये हमखास फसवणारा एक प्रश्न. कुबरनेटीसमध्ये ‘सिक्रेट’ नावाचा एक प्रकार असतो. त्यातला पासवर्ड बेस-६४ मध्ये, वाचता येणार नाही अशा अक्षरांत दिसतो. म्हणजे तो सुरक्षित आहे का? नाही. ते मोडी लिपीत लिहिण्यासारखं आहे. ज्याला मोडी येते तो घडाघडा वाचणार, कुलूप कुठेच नाही. तिथलं एन्क्रिप्शन वेगळं सुरू करावं लागतं.

आता निवडा!

समजा, उद्या तुम्ही माइंडस्पेसमधल्या एखाद्या कंपनीत जॉइन झालात. कंपनीचं अर्धं काम अॅमेझॉनच्या मुंबईतल्या क्लाउडवर चालतं, अर्धं स्वतःच्या सर्व्हर रूममध्ये, म्हणजे ‘ऑन-प्रिमायसेस’. आपल्याकडे हे अगदी कॉमन आहे. बँका आणि विमा कंपन्यांची जुनी सिस्टिम स्वतःच्या मशिन्सवर असते, नवं मोबाइल अॅप क्लाउडवर. टीम लीड सांगतो, ‘‘सिक्रेट्ससाठी कुठलं टूल घ्यायचं, शुक्रवारपर्यंत सांग.’’

पहिला मोह होतो तो एक्सेल काढून टूल्सची तुलना करण्याचा. डावीकडे फीचर्स, वर टूल्सची नावं, मध्ये बरोबरच्या खुणा. अडचण अशी की जवळपास सगळ्याच टूल्ससमोर सगळ्याच खुणा येतात. म्हणून टूलकडे नंतर बघा. आधी आपल्याच कंपनीला पाच प्रश्न विचारा.

१. मशिन्स कुठे आहेत?

सगळं एकाच क्लाउडवर असेल तर फार डोकं लावू नका. अॅमेझॉनचं सिक्रेट्स मॅनेजर, मायक्रोसॉफ्टचं अॅझ्युअर की व्हॉल्ट, गुगलचं सिक्रेट मॅनेजर, यांपैकी आपल्या क्लाउडचं जे असेल ते घ्या. सर्व्हर सांभाळायची कटकट नाही आणि क्लाउडवरच्या मशिनला वेगळा पासवर्डही द्यावा लागत नाही.

खरी परीक्षा अर्धं इथे-अर्धं तिथे असेल तेव्हा. मग हॅशिकॉर्पचं व्हॉल्ट, त्यातूनच निघालेलं ओपनबाओ, सायबरआर्कचं कॉन्जर किंवा इन्फिसिकल अशी टूल्स यादीत येतात. ती तुम्ही स्वतःच्या मशिनवरही बसवू शकता आणि क्लाउडवरही. अगदी छोटी टीम असेल तर ‘सॉप्स’सारखं साधं टूलही चालतं. ते फाइलमधल्या किमती एन्क्रिप्ट करतं, मग ती फाइल गिटमध्ये ठेवली तरी बिघडत नाही. मात्र कोणी कधी किल्ली वाचली याची वही त्यात आपोआप मिळत नाही.

२. पहिली किल्ली कुठे ठेवणार?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका हाच विसरला जातो. सगळ्या किल्ल्या कपाटात ठेवल्या. पण कपाटाची किल्ली? अॅपला कपाट उघडायला पुन्हा एक पासवर्ड लागला आणि तो तुम्ही कोडमध्येच लिहिला, तर पायपुसण्याखालची किल्ली तिथेच राहिली, फक्त पायपुसणं बदललं. उबरवर २०२२ मध्ये पुन्हा हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोराच्या म्हणण्याप्रमाणे असंच झालं होतं. कंपनीकडे किल्ल्या सांभाळणारं महागडं टूल होतं, पण त्याच टूलचा अॅडमिन पासवर्ड एका स्क्रिप्टमध्ये लिहिलेला त्याला मिळाला.

यावरचा मार्ग म्हणजे मशिनला पासवर्डऐवजी ओळखपत्र देणं. माइंडस्पेसच्या गेटवर तुम्हाला कोणी पासवर्ड विचारत नाही, गळ्यातलं आयकार्ड बघतात. क्लाउडवर हे आयकार्ड क्लाउड कंपनीच देते. मशिन सुरू झालं की ‘हे आपलंच आहे’ असं ती सांगते. तुमच्या सर्व्हर रूममधल्या मशिनला मात्र असं आयकार्ड देणारं कोणी आयतं नसतं. तिथे सर्टिफिकेट्स बनवणारी स्वतःची व्यवस्था लागते. अॅमेझॉनने २०२२ मध्ये ‘रोल्स एनीव्हेअर’ नावाची सोय आणली. त्यात बाहेरचं मशिनही सर्टिफिकेट दाखवून क्लाउडमध्ये ओळख पटवू शकतं. म्हणून टूल दाखवायला आलेल्या सेल्सवाल्याला पहिला प्रश्न विचारा, ‘‘आमच्या सर्व्हर रूममधलं मशिन तुमच्याकडे स्वतःची ओळख कशी पटवणार?’’ उत्तर ‘पासवर्ड फाइलमध्ये ठेवा’ असं आलं, तर चहा पाजा आणि निरोप द्या.

३. रात्री दोनला बंद पडलं तर?

सगळ्या किल्ल्या एकाच कपाटात, म्हणजे कपाट अडलं की सगळं अडलं. अॅप रीस्टार्ट झालं, त्याने पासवर्ड मागितला, कपाट बंद. सेवा ठप्प.

व्हॉल्टची यातली पद्धत मस्त आहे. ते सुरू होतं तेव्हा सीलबंद असतं. उघडण्यासाठीची किल्ली एका माणसाकडे नसते. तिचे तुकडे केलेले असतात. सहसा पाच तुकडे पाच जणांकडे आणि त्यातले कुठलेही तीन एकत्र आले की कुलूप उघडतं. दोघांनी संगनमत केलं तरी काही होत नाही. ही युक्ती अदी शमीर या गणितज्ञाने १९७९ मध्ये मांडली. आरएसए एन्क्रिप्शनमधला ‘एस’ म्हणजे हाच. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक आपली आणि एक बँकेची. हा त्याचाच पुढचा अवतार समजा.

कागदावर सुंदर वाटतं ना? आता ही पद्धत मुंबईच्या पावसात आणून बघा. जुलै महिना, रात्रीची वेळ, लाइट गेली आणि व्हॉल्टचे सगळे सर्व्हर रीस्टार्ट झाले. तुकडे असलेला एक जण विरारला, एक डोंबिवलीला, एक पनवेलला, एक गावी गेलेला, एक फोन उचलत नाही. लोकल बंद. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हे तुम्ही घरच्यांकडून शंभर वेळा ऐकलं असेल. तसा दिवस पुन्हा आला तर तीन जण घरबसल्या सुरक्षितपणे कुलूप उघडू शकतील का, हे आधीच ठरवून ठेवावं लागतं आणि एकदा करून बघावं लागतं.

याला ‘ऑटो-अनसील’ हा पर्याय आहे. त्यात कुलूप उघडायचं काम क्लाउडमधली किल्ली करते, माणसं लागत नाहीत. पण मग तुमची मालाडमधली सर्व्हर रूम इंटरनेटवर अवलंबून राहिली. लाइन तुटलेली असताना व्हॉल्ट रीस्टार्ट झालं तर ते उघडणार नाही. फुकटात काहीच मिळत नाही. माणसांवर अवलंबून राहायचं की लाइनवर, एवढंच आपल्या हातात असतं.

म्हणून खरा प्रश्न माणसांचा आहे. व्हॉल्टसारखं टूल स्वतः चालवायचं तर किमान तीन सर्व्हर, बॅकअप, अपडेट आणि रात्री फोन उचलणारी दोन-तीन माणसं हवीत. ती नसतील तर जगातलं सगळ्यात भारी टूलही आपल्यासाठी चुकीचं.

४. वही कोण वाचणार?

सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला. सायबर हल्ल्यासारख्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवायच्या आणि सिस्टिमचे लॉग्ज १८० दिवस जपून ठेवायचे. सहा तासांत ‘कुठली किल्ली गेली, ती कोणी वापरली’ हे सांगायचं असेल, तर टूलची वही चोख हवी. शिवाय २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात लोकांची माहिती नीट न सांभाळल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तेव्हा डेमो बघताना एक किल्ली मुद्दाम ‘चोरीला गेली’ असं समजा आणि घड्याळ लावा. ती कोणी कोणी वापरली हे शोधून ती बदलायला किती वेळ लागला? एक्सेलमधल्या पन्नास खुणांपेक्षा हा एक आकडा जास्त सांगतो.

५. बिल आणि लायसन्स

अॅमेझॉनचं सिक्रेट्स मॅनेजर एका सिक्रेटला महिन्याला ४० सेंट घेतं. वाचायला किरकोळ वाटतं. पण २०० सिक्रेट्स म्हणजे महिन्याला ८० डॉलर, साधारण सात हजार रुपये. डेव्हलपमेंट, टेस्टिंग आणि प्रॉडक्शनसाठी वेगवेगळी ठेवलीत की ते तिप्पट. तरीही एका इंजिनीअरच्या पगारापेक्षा हे स्वस्तच. उलट ‘फुकट’ ओपन सोर्स टूल सांभाळायला अर्धा इंजिनीअर लागत असेल, तर ते फुकट नाही.

आणि ओपन सोर्स कायम ओपन राहील असंही नाही. व्हॉल्ट २०१५ मध्ये आलं आणि ओपन सोर्स म्हणूनच वाढलं. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्पने लायसन्स बदललं. त्याचा कोड वापरून स्पर्धक सेवा विकायला बंदी आली. त्यावर नाराज झालेल्यांनी जुन्या कोडवरून ‘ओपनबाओ’ काढलं. ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली चालतं. पुढे २०२५ मध्ये आयबीएमने हॅशिकॉर्पच विकत घेतली. आपल्याच कंपनीत वापरायचं असेल तर या बदलाने फारसं अडत नाही. पण उद्या टूल बदलायची वेळ आली तर सगळी सिक्रेट्स बाहेर काढून दुसरीकडे नेता येतील का, हे आजच बघून ठेवलेलं बरं.

मग शुक्रवारी काय सांगायचं?

सगळं एका क्लाउडवर असेल तर त्याच क्लाउडचं टूल. चार-पाच जणांची टीम आणि मोजकीच सिक्रेट्स असतील तर सॉप्स. अर्धं क्लाउड, अर्धी सर्व्हर रूम आणि सांभाळायला माणसं असतील तर व्हॉल्ट किंवा ओपनबाओ. आणि अर्धं-अर्धं आहे, पण माणसं नाहीत? मग क्लाउडचंच टूल मुख्य ठेवा, सर्व्हर रूममधल्या मशिन्सना सर्टिफिकेट देऊन तिथे जोडा आणि लाइन तुटली तर काही तास निभावेल अशी सोय करा. हे उत्तर दिसायला साधं आहे. पण पहिली किल्ली कुठे आणि रात्री दोनला कोण, या दोन प्रश्नांची उत्तरं त्यात आहेत. टीम लीडला तीच हवी असतात.

या वीकेंडला एवढं कराच

• ‘डॉट ईएनव्ही’ फाइलचं नाव पहिल्या कमिटच्या आधी ‘गिटइग्नोर’मध्ये टाका.

• गिटहबचं ‘पुश प्रोटेक्शन’ सुरू आहे का बघा. ओळखीची किल्ली कोडमध्ये दिसली तर ते पुश अडवतं.

• जुन्या प्रोजेक्ट्सवर ‘गिटलीक्स’ हे मोफत टूल चालवा. ते जुन्या कमिट्समधल्या किल्ल्याही शोधतं. सापडलेली प्रत्येक किल्ली आधी रद्द करा, मग बाकीची साफसफाई.

• क्लाउड अकाउंटला बिलाचा अलर्ट लावा. रूट अकाउंटची किल्ली बनवूच नका.

• ओपनबाओ लॅपटॉपवर डेव्ह मोडमध्ये चालवून बघा. एक सिक्रेट ठेवा, एक वाचा. मग नेहमीच्या मोडमध्ये सुरू करून मित्रांमध्ये पाच तुकडे वाटा आणि तिघांनी मिळून उघडा. मजा येते.

गेटच्या आत जाण्याआधी

मालाडच्या कॉलेजांमधून दरवर्षी कितीतरी मुलं लिंक रोडवरून मेट्रोने किंवा रिक्षाने त्याच काचेच्या इमारतींकडे इंटरव्ह्यूला जातात. रेझ्युमेवर गिटहबची लिंक असते. समोरचा ती उघडतो. तुमचं अॅप किती देखणं आहे हे तो नंतर बघेल. जुन्या कमिट्समध्ये तुमचा पासवर्ड पडलेला दिसला, तर त्याच्या मनात एकच विचार येईल, ‘आमच्या ग्राहकांची किल्ली या मुलीच्या, या मुलाच्या हातात द्यायची?’

ती किल्ली कुणाच्या तरी पगाराच्या खात्याची असेल, कुणाच्या हॉस्पिटलच्या रिपोर्टची, कुणाच्या आईच्या पेन्शनची. कंपनीत कुठलं टूल घ्यायचं हे कदाचित तुम्ही ठरवणार नाही. पण आज रात्री पुश करण्याआधी फोल्डरमध्ये काय आहे, हे बघणं नक्की तुमच्या हातात आहे. बघून घ्या, मग झोपा.